आईची पट्टी

हॅलो? … हॅलो, बाबा? … येतंय का ऐकू? … हां, आता येतंय. ए, दोन मिनिटं ड्रम थांबव रे, बाबांचा फोन आहे! … हां, बोला. … हो, पोचलो सगळे. … हो, आईपण. ती आत साडीच्या निऱ्या नीट करतेय. … तुमचा हात कसाय? … खाजतंय म्हणून प्लास्टरमध्ये विणायची सुई घालू नका हं!

… अहो, ऐका ना आधी. माझा पार गोंधळ उडालाय इथे. … आणलाय हो अॅम्प्लिफायर, चौघांनी मिळून उचलला. तुम्ही तो एकट्याने जिन्यावरून उतरवायला गेलात, म्हणून तर आज तुमच्या जागी मी उभी आहे.

… तेच विचारतेय. साउंडवाला म्हणतो, हॉलचे स्पीकर एवढे मोठे असताना हे खोकं कशाला? कीबोर्डच्या दोन वायरी थेट मला द्या. … एकच? … डाव्या भोकातून? … बरं. डाव्या भोकातून आपल्या खोक्यात आणि खोक्याच्या मागून त्याला. … हो, हो, आईच्या पायाशीच ठेवलाय, तोंड तिच्याकडे करून. … तिला सूर जवळून मिळाला पाहिजे. कळलं, कळलं. सकाळपासून तिसऱ्यांदा सांगताय.

… नाही, घोटाळा वेगळाच आहे. सांगते ना! … आधी कीबोर्डचं पेडल उलटं चालायला लागलं. पाय दाबला की सूर तुटतो, उचलला की लांबतच राहतो. … काय? … चालू करताना? … असेल पाय त्याच्यावर, मी काय बघितलं नाही. … म्हणजे नुसतं बंद करून पुन्हा चालू करायचं होतं? … एवढंच? … अगं बाई.

… काही नाही. … काही नाही म्हटलं ना! … बरं, सांगते, पण ओरडू नका. मी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. त्यात एक माणूस म्हणाला, काहीही बिघडलं तरी ही दोन बटणं एकदम धरा, कीबोर्ड कोरा करकरीत होतो. … झाला. … हो, सगळंच पुसलं गेलं. … तुम्ही साठवलेले आवाज? गेले. ते बासरी नि व्हायोलिनचं मिश्रणपण गेलं. … बाबा? … हॅलो? … चिडा नंतर, आधी पुढचं ऐका.

… पियानो आहे की! पियानो छान येतोय, त्याच्यावर निभावून नेईन मी. पण जुळत नाहीये ना! … कोणाशी म्हणजे? गिटारवाल्या काकांशी! पहिलं गाणं धरलं, मी आईच्या पट्टीत, पांढरी पाचमधून, आणि ते कुठेतरी खाली, तळघरात. … पांढरी पाचच हो! लहानपणापासून तुमची बोटं बघत आलेय मी. काकांना म्हटलं, तुमची पट्टी चुकतेय. तर नुसते हसले आणि म्हणाले, बाबांना फोन लाव. ड्रमवाल्याला विचारलं, तर तो खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. काय चाललंय काय?

… स्क्रीनवर? स्क्रीनवर 'पियानो' लिहिलंय. … त्याच्या खाली? शून्य. … हो, शून्यच. … आधी? आधी तिथे काहीतरी उणे होतं खरं. उणे तीन. मला वाटलं, तेच बिघडलंय! … मुद्दाम? मुद्दाम कशाला?

… थांबा, थांबा, मला नीट समजू द्या. म्हणजे बोटं पांढरी पाचची आणि आवाज तीन घरं खालचा? … अहो पण सरळ खालूनच वाजवायचं ना! … आईचं लक्ष असतं तुमच्या बोटांवर? … हो, ते असतंच म्हणा. … मग असू दे की लक्ष. … काय म्हणालात? वर पोचत नाही आता तिचा आवाज?

… कधीपासून? … मी दहावीत असताना? … आधी एक घर, मग दोन… बाबा! … आणि तिला माहीत नाही? … आणि इथे? काकांना, ड्रमवाल्याला? … म्हणजे अख्ख्या बँडला ठाऊक, आई आणि मी तेवढ्या वेड्या!

… नाही हो, हसत नाहीये. वाईट वाटतंय मला. अजून सांगत फिरते ना ती, की लग्नाआधीपासून माझी पट्टी पांढरी पाच, अजून एक घरही खाली आले नाही. परवा शेजारच्या काकूंना सांगत होती, आणि तुम्ही तिथेच बसून मान डोलवत होतात! … हो. … हो, आठवतंय, त्या कार्यक्रमानंतर रात्री जेवली नव्हती. मला म्हणाली, डोकं दुखतंय. … वरचा सूर फुटला होता? सगळ्यांसमोर? … कळतंय बाबा. गाणं सोडून दिलं असतं तिने. … कळतंय मला, म्हणून तुम्ही गुपचूप सूर खाली आणलात.

… आत्ता? आता पडदा उघडेल! कंपनीची सगळी माणसं येऊन बसलीत. शून्यावर गेली असती तर आज पुन्हा तेच… बापरे. … सांगा, कुठलं बटण? … डावीकडे? … हां, सापडलं. … खालचा बाण. उणे एक… उणे दोन… उणे तीन. झालं. … नाही, आई अजून आतच आहे. … थांबा, बघते जुळतंय का. काका, द्या ना जरा सूर.

… बाबा, अजून नाही जुळत. … अहो नाही जुळत! ते अजून एक घर खाली आहेत. … उणे तीनच आहे, मी काय आंधळी आहे? … गिटार सुरात आहे, यंत्र लावून बघितलंय त्यांनी. … विचारलं. ते म्हणतात, मला मध्ये घेऊ नका. … मला काय माहीत, म्हणजे काय ते! मला तर आता माझ्याच कानांचा भरवसा राहिला नाही.

बाबा, आई आली. … नाही, नाही बोलत काही. धरा एक मिनिट.

आई, बाबांशीच बोलतेय. … काही नाही, वायरीचं विचारत होते. … काय? … चार? कसलं चार? … आई! … थांब, थांब, इकडचा आवाज बंद करते. … केला. आता त्यांना ऐकू नाही जात. बोल.

… तुला माहीत आहे? … पहिल्या दिवसापासून? … हो, कान आहेत तुला, पण मग परवा काकूंना ते सगळं कशाला? … बाबांना ऐकू जावं, तुला काही कळलं नाही असं वाटावं म्हणून? … आई, तुम्ही दोघं ना… हसू की रडू कळत नाहीये मला. काजळ लावलंय, रडवू नकोस.

… पण चार का? … वर्षभर? वर्षभर तीनवर ओढतेयस तू? … मग सांगायचं ना त्यांना! … हं. … सांगितलं तर तुला माहीत होतं हेही कळेल. … हं. … आणि आज ते नाहीत म्हणून काकांना परस्पर चार सांगितलंस. अगं पण मला कोण सांगणार? मी इकडे जीव टाकतेय! … करते, करते. उणे चार. … काका, द्या. … जुळलं. आई, जुळलं गं! … नाही सांगत. तुझी शपथ. जा तू, माईकपाशी उभी राहा.

हॅलो, बाबा? आहात ना? … काही नाही, पिना शोधत होती. … छे, कसला संशय येतोय तिला! … हो, जुळलं. काकांचंच जरा चुकत होतं. … तीनच. तीनच आहे हो, समोर दिसतंय मला.

बाबा… एक मागू? … हात बरा झाला, तुम्ही वाजवायला लागलात, की ते चारवर ठेवाल? … आईसाठी नाही हो. मला कानाला बरं वाटतं. … उगाच. माझा हट्ट समजा. … ठेवाल? नक्की?

… नाही हो, तिला कसं कळेल? बोटं पांढरी पाचचीच राहणार ना. … आत्तापर्यंत कळलं का? … मग. तुम्ही निश्चिंत झोपा. … हो, गातेय ती, छानच गाणार आहे आज. … पडदा उघडला, ठेवते.