चांगुणेची शिंपली

ऐका. आणि ती विडी विझवा आधी, या गोष्टीला निखारा चालत नाही.

आपल्या वरेकोटाचा तट आज गुरांना अंग खाजवायला तेवढा उरलाय. पण एके काळी इथं हुर्मुज बंदराहून घोडे उतरायचे, आळीआळीत रेशमाचे माग खडखडायचे. किनाऱ्याला जाणारा माणूस दर्यादरवाजाच्या कोनाड्यात आपल्या खुणेची शिंपली ठेवायचा, परतला की उचलायचा. कोनाडा रिकामा झाला की मगच कान्हू दरवान दार लावायचा.

एका तिन्हीसांजेला दर्यातून लुटारू आले. कोनाड्यात एकच शिंपली उरली होती. कान्हूच्या लेकीची, चांगुणेची! ती खडकावरची कालवं काढायला गेलेली. वरून हुकूम आला, लाव दार. त्यानं लावलं. चांगुणा बाहेरच राहिली, तिची शिंपली कोनाड्यात. काय करायला हवं होतं त्यानं, सांगा की.

पुढं कोट पडला, दार कुजलं, पण चाल राहिली. अंधारात बाहेर जायचं तर शिंपली ठेवायची म्हणजे ठेवायचीच.

तर मथुबाय सुईण. तिची लेक तटाबाहेर कोळीवाड्यात अडली होती, मूल आडवं आलेलं. निरोप आला तशी मथुबाय कंदील घेऊन निघाली. गावभरची बाळंतपणं केलेली बाई, पण पोटच्या पोरीचं म्हटल्यावर तशीच धावली. आणि शिंपली विसरली!

दरवाजातून बाहेर पडली, चार पावलं गेली, तर समोर पुन्हा दरवाजा. पुन्हा बाहेर पडली, पुन्हा आतच. मग माग खडखडायला लागले. ऐकताय ना? मग घोड्यांच्या लिदीचा वास आला. आळीत दिवे लागले, माणसं फिरायला लागली, आणि सावली कुणालाच नाही. मागं बघते तर कुजलेलं दार नवंकोरं, अडसर घातलेला. दाराशी कान्हू, भिंतीकडे तोंड करून.

"तुझी शिंपली नाही," तो म्हणाला. "दार उघडायचं नाही."

तिनं पदर पसरला. लेक मरेल रे, म्हणाली.

"माझीपण बाहेर आहे," कान्हू म्हणाला.

कोनाड्यात एक जुनी शिंपली होती. मथुबायनं ती उचलली.

"कान्हूबाबा, बघ, कोनाडा रिकामा. तुझी चांगुणा आत आली."

अडसर गळून पडला. कान्हू तिच्या अंगावरून गावात धावत सुटला, लेकीला हाका मारत. मथुबाय वाळूतून पळाली, ती थेट लेकीच्या उशाशी. पहाटेला मूल फिरलं. दोघी जगल्या.

ते मूल म्हणजे माझी आई. त्या खोट्यावर मी जन्मलोय, तेव्हा पणजीला नावं मी ठेवणार नाही. तिनं ती शिंपली पुन्हा पुन्हा कोनाड्यात नेऊन ठेवली. सकाळी आमच्याच उंबऱ्यावर सापडायची. लेक आत आलीय म्हणतो कान्हू, खूण परत घेतच नाही.

म्हणून सांगतो, दिवेलागणीनंतर दर्यादरवाजाची वाट धरू नका, खाडीवरून वळसा घ्या. पूर्वी कान्हू वेशीपाशीच असायचा, आता दारोदार फिरतो. रात्री बाहेरून कुणी चांगुणेला हाक मारली तर ओ देऊ नका. आणि ती इथं नाही, असंही म्हणू नका. बापाला ते कोण सांगणार?