दादानं भोकं मोजली तेव्हा

दादानं भोकं मोजून कंपनीचं कुलूप कसं काढलं, हे तुम्हाला सांगितलंय का? माझा दादा लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करायचा. बोर्डावर कुठला पार्ट कुठे आहे त्याचा नकाशा एका फाइलीत असतो, पण कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय ती नुसती आकड्यांची खिचडी दिसते.

दादा एक मेलेला बोर्ड घेऊन स्क्रूच्या भोकांमधली अंतरं मोजत बसला. आठ दिवस झाले, गिऱ्हाइकं परत जायला लागली. मी भडकलो आणि बोर्ड भंगारात देऊन आलो.

"खुळ्या, हीच अंतरं फाइलीत घावली की बाकीचे आकडे बोलाय लागत्यात," म्हणत दादा पळाला आणि भंगारवाल्याचं पोतं उपसून बोर्ड घेऊन आला. संध्याकाळी त्यानं स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममधून पडद्यावर अख्खा नकाशा उमटला.

दादाला जाऊन बावीस दिवस झाले. काल गारगोटीच्या एका मास्तरांचा लॅपटॉप मी दादाच्याच प्रोग्रॅमवर नकाशा बघून चालू केला.

"हे सॉफ्टवेअर कंपनीचं हाय व्हय?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाय पावणं, माझ्या दादाचं हाय."

तो मेलेला बोर्ड आता माझ्या टेबलावर असतो. गल्लीत भंगारवाल्याची हाळी आली की मी आधी त्याच्यावर हात ठेवतो.