आईचं हसू

केरीच्या धक्क्यावर तेरेखोलची फेरीबोट लागली आणि रांगेत पुढे उभ्या दोघी नणंद-भावजयांचं बोलणं ऐकून गौरवीने असे कान टवकारले की हातातलं आइस्क्रीमसुद्धा वितळत राहिलं!

"वन्स, दुर्वाला तुम्ही कडेवर घ्या. पाणी बघून माझा चेहरा उतरतो, तो बघून ही थरथरते."

"माझ्या सर्वेशनेपण तुला घाबरताना बघितलंय गो. तो मजेत असतो!"

"तो तुमच्या रक्ताचा. आमची कॉलेजातली पल्लवी सांगते, शॉक बसलेला उंदीर बघून एका जातीचे उंदीर थिजतात, दुसऱ्या जातीचे नाही."

"मग ही कोणावर गेली?"

"आज कळेल. मी हसतच राहते, बघू तरी घाबरते का."

बोट हलली.

"हसतेस ना गो?"

"हसतेय, वन्स."

"आई, अशी हसू नको ना! मला भीती वाटते."