पट्टीचा रकाना

मोहाडीच्या पोलीस ठाण्यात चारित्र्याच्या दाखल्यासाठी राखी रांगेत उभी होती. तिच्यापुढं एक टोपीवाला म्हातारा अन् नुकतीच नर्सिंग पास झालेली पोरगी.

पोरीच्या अर्जात डोकावत म्हाताऱ्यानं विचारलं, "रुपा, गुन्ह्याच्या रकान्यात 'होय' काहून लिवलं वं?"

"शेताले बोडीचं पाणी घ्याच्या भांडणात मी तुमचं डोकसं फोडलं ना, काका!"

"मिटली ना ते केस!"

"मिटली. पण लपवलं अन् उद्या निघालं, तर नर्सची नोंदणीच जाईन."

"मंग हे बी लिव, का पट्टी तूच बांधली."

"त्याले रकानाच नाही."

तेवढ्यात खिडकीतून हवालदारानं विचारलं, "पोरीच्या चांगल्या वर्तणुकीचा साक्षीदार कोण?"

म्हाताऱ्यानं टोपी काढून डोकं खिडकीत घातलं.

"मी, साहेब. पाहा, जखम कशी साफ भरून आली!"