काट्यामागचा दिवा

उस्मानपुऱ्यात गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडं थांबलो होतो. समोरच्या जुन्या गाडीत एक काका-काकू बसलेले.

"बघा काका, मीटरला एलईडी टाकले. पेट्रोलचा काटा कसा झळकतोय!"

"लई भारी!" काकू म्हणाल्या. "पण स्पीडच्या काट्यामागं अंधारच की."

"तो बल्ब उलटा बसला, म्हणून पेटंना. फिरवून देतो."

"हळू बोल रे," काका त्याला म्हणाले. "राहू दे उलटाच."

"का म्हणून? पैठणहून येताना अंधारात स्पीड विचारला की चाळीस म्हणता तुम्ही."

"चाळीसच असतो, देवाशप्पथ!"

"मग दिसू द्या की. फिरवा हो भाऊ."

"तुला विश्वासच नाय माझ्यावर."

"दिवसा जाताना दीड तास लागतो, अन् अंधारात येताना पाऊण. रात्री रस्ता आखडतो व्हय?"