डॉक्टरांची यॉट आणि माझा मेहुणा

...आणि वर लोक मलाच विचारतात हो! "काय, यॉट घेणार होतात ना? कुठाय?" कुठाय म्हणजे? पाण्यात आहे! चकाचक आहे! फक्त माझी नाहीये!

तुम्हाला सांगतो, याला जबाबदार एकच माणूस, माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. आमच्या लग्नात हा माझ्या मांडीवर झोपला होता, तेव्हाच मी जागं व्हायला हवं होतं! जुनी वस्तू निम्म्या किमतीत आणण्यात याचा हातखंडा. जुनी गाडी, जुनं वॉशिंग मशीन... मशीन घरभर चालतं, कपडे तेवढे धूत नाही, पण निम्म्या किमतीत! तर मी निवृत्त झालो आणि म्हटलं, एक छोटीशी मोटर यॉट घेऊ या, सेकंडहँड. हसू नका! उभी नोकरी ऑडिटमध्ये गेली हो, तळघरात. खिडकी होती, नाही असं नाही, पण खिडकीसमोर भिंत. म्हटलं, आता उरलेले दिवस जिकडे बघावं तिकडे पाणी दिसलं पाहिजे. बायको म्हणाली, "घ्या. महिनाअखेरपर्यंत घ्या. नाही जमलं तर त्या पैशांत माझं स्वयंपाकघर नवीन होणार आणि यॉट हा शब्द पुन्हा घरात काढायचा नाही." आमची ही एकदाच सांगते. दुसऱ्यांदा करून दाखवते.

मी तर एकटाच जाणार होतो, पण हा गाडीत बसून तयार! "दाजी, तुम्ही फक्त मागे उभे राहा. बाजार गिऱ्हाइकाचा आहे!"

आता होता, ते मान्य. धक्क्यावर जावं तर एकीआड एकीवर 'विकणे आहे'ची पाटी. लोकांनी हौसेने घेतल्या आणि मग कळलं की हत्ती पोसणं परवडलं, निदान त्याला दर वर्षी रंग द्यावा लागत नाही! दलाल तर आमच्यापुढे उलटा चालत होता. "साहेब, बघायला पैसे पडत नाहीत. साहेब, आत बसून तर बघा. साहेब, हिच्याबरोबर ती पण घेता का?" एका यॉटच्या तळाशी इतकं पाणी की बोट समुद्रात आहे की समुद्र बोटीत, कळेना. दुसरीचं इंजिन सुरू झालं आणि दलालानेच किनाऱ्यावर उडी मारली!

आणि मग... शेवटच्या रांगेत... ती दिसली.

काय सांगू तुम्हाला! पांढरीशुभ्र, निळी कड. आत दोन बाकं, घडीचं टेबल, पितळी कडांच्या गोल खिडक्या. मी नुसता चाकाला हात लावला आणि तो काढवेचना... या वयात असं होऊ नये! मालक म्हणजे दातांचे एक निवृत्त डॉक्टर. शिडशिडीत, भला माणूस. बोलताना डोळ्यांत बघत नाहीत, तोंडात बघतात, सवयच ती. त्यांनी किंमत सांगितली. वाजवी! अहो, अगदी वाजवी! मी "बरं" म्हणायला तोंड उघडलं आणि कमरेत असा चिमटा बसला!

"दाजी, हसू नका! तोंड पाडा! मयताला आल्यासारखे दिसा! बाजार गिऱ्हाइकाचा आहे. खोट काढा, खोट!"

मनात वरात, चेहरा सुतकी. म्हटलं, काहीतरी बोलायचं म्हणून बोलावं. म्हणालो, "साखळीला गंज दिसतोय." बस! तेवढंच बोलून थांबायचं होतं हो मला! पण उभा जन्म दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढण्याचा पगार घेतलेला माणूस मी... एकदा सुरू झालो की मला ब्रेक नाही. डेकच्या सांध्यात काळी रेघ आहे. खिडकीचं रबर सुटलंय. पंपाच्या जोडाला ओल आहे. इंजिन आधी खोकतं, मग बोलतं. आग विझवायच्या नळकांड्याची मुदत संपलीय. जीवरक्षक जॅकेटं सहा आणि शिट्या पाचच, सहाव्याने बुडताना काय टाळ्या वाजवायच्या का? आणि मनात, तुम्हाला सांगतो, मनात मी तिची माफी मागत होतो! प्रत्येक दोषाला मेहुण्याचे डोळे अभिमानाने भरून येत होते. आणि डॉक्टर... डॉक्टरांनी चष्मा काढला आणि मटकन बाकावर बसले.

"एवढं सगळं?" म्हणाले. "मला काहीच दिसलं नव्हतं हो."

बाहेर पडताच मेहुणा नाचायचा बाकी! "पडला, दाजी, पडला! आता निम्म्यात देतो बघा. फोन मात्र करायचा नाही. त्याचा येऊ दे. बाजार गिऱ्हाइकाचा आहे!"

नाही केला फोन. फोन उशाशी घेऊन झोपलो, ताटाशेजारी ठेवून जेवलो. वाजला की मी ताडकन उभा! पलीकडून, "दाजी, केला नाहीत ना?" इकडे महिना सरत आला. जेवायच्या टेबलावर दगडांचे नमुने यायला लागले, आणि ही शांतपणे विचारते, "ओट्याला काळा बरा की करडा?" तुम्ही सांगा, माणसाने काय म्हणावं? मी म्हणालो, "थांब गं जरा." ती म्हणाली, "थांबलेच आहे. महिनाअखेरपर्यंत."

शेवटच्या दिवशी कुणाला न सांगता निघालो. धक्क्यावर आलो... जागा रिकामी! पाण्यावर नुसता तेलाचा तवंग. रखवालदार म्हणाला, "वर घेतलीय, कारखान्यात." धावलो! हो, या गुडघ्यांनी धावलो! आणि बघतो तर माझी यॉट चार लाकडांवर उभी आणि तिच्या पोटाखाली डॉक्टर, तोंडाला फडकं, हातात खरवडणी.

"या, या!" म्हणाले. "उपकार झाले तुमचे! मी असली वस्तू एका सज्जन माणसाच्या गळ्यात मारणार होतो. आता विकणं नाही."

मी म्हटलं, "डॉक्टर, तुमची किंमत मान्य."

"छे! किडक्या दातावर सोन्याची टोपी बसवायची? आयुष्यात नाही केलं ते."

"तुमच्या किमतीच्या वर देतो!"

तेवढ्यात खिशातला फोन... "दाजी, कुठे आहात? धीर सोडू नका, बाजार गिऱ्हाइकाचा आहे!"

भर मंदीत मालकाच्या हाता-पाया पडून भाव वाढवणारं गिऱ्हाईक बघितलंय कुणी? मी म्हटलं, "गंज मला आवडतो. खोकलासुद्धा आवडतो. सहावा माणूस मी आणणारच नाही!" डॉक्टर हसले. मी विचारलं, "बरं, दुरुस्त झाल्यावर तरी द्याल?" तर म्हणतात, "अहो, दुरुस्त झाल्यावर विकेन कशाला?"

बोला!

संध्याकाळी घरी काळा दगड ठरला.

पुढे डॉक्टरांनी पहिल्या फेरीला मानाने बोलावलं, सहकुटुंब. ही आधी नको म्हणत होती, मग आली. गोल खिडकीशी बसली, पदर सावरून, आणि नाक काचेला. बोट पार आत गेली, किनारा दिसेनासा झाला, तरी नाक काचेलाच. मला वाटलं, मळमळतंय. विचारलं, "लिंबू देऊ का?" तर वळली. डोळ्यांत पाणी! म्हणाली, "मला वाटलं, कुठलं तरी भंगार बघत हिंडताय. ही अशी आहे हे सांगितलं असतंत तर मी स्वयंपाकघर मागितलंच नसतं."

मी सगळं सांगितलं. गंज, रबर, शिट्या, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला मागणी घालायला आलात तेव्हा तोंडातून शब्द फुटला नव्हता तुमच्या, म्हणून तर जमलं आपलं. मग इथेच कशी एवढी जीभ सुटली?"

मी म्हटलं, "अगं, तेव्हा तुझा भाऊ दुसरीत होता!"