करवंदं आणि माथेरानची गाडी

मी पायी चालून आगगाडीला गाठलं, हे सोलापुरात अजून कुणी खरं मानत नाही. माथेरानला तळ्याकाठी धाकटे दीर राहायचे, त्यांच्याकडे सासूबाईंना घेऊन निघालो होतो. घाटात इंजिन पाणी घ्यायला थांबलं. आमचे हे म्हणाले, "उतर की, करवंदं तोड. गाडी काय पळून जात न्हाय." आणि टोपी डोळ्यांवर ओढून झोपले. माझा पदर भरला आणि गाडी हलली!

त्या रानात मी एकटी. रडूच फुटलं. तेवढ्यात एक मोळीवाली कातकरीण आली. "रडतेस काय, बाय? गाडी वळणं घेत जाईल, आपण सरळ चढू." मोळी तिथंच टाकून तिनं माझा हात धरला, तो वरचं स्टेशन येईपर्यंत सोडला नाही. तिचे उपकार मी मरेपर्यंत विसरायची नाही. सगळी करवंदं तिच्याच ओटीत घातली.

मग मागून गाडी आली. डब्यातूनच सासूबाई ओरडल्या, "हीच मेली वेंधळी!" ह्यांनी टोपी आणखी खाली ओढली. स्टेशनमास्तरांनी विचारलं, "बाई, तुम्हाला खाली उतरवलं कुणी?"

लग्नाला वीस वर्षं झाली होती, नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी काढलं. उखाणाबिखाणा नाही, भर फलाटावर, ठणठणीत आवाजात.

"दत्तात्रय!"